संध्याकाळची एक बादली

संध्याकाळी सात ते साडेनऊ ही आपल्या वस्त्यांमधली सर्वांत जास्त भांडणांची वेळ आहे. हे आम्ही पुस्तक वाचून लिहीत नाही. वस्तीत ऊठबस असल्यामुळे घरातले वाद मिटवायला म्हणून आम्हाला बोलावणे येते, आणि त्यातले बहुतेक वाद याच वेळेत पेटलेले असतात. कारण विचारावे तर अगदी क्षुल्लक. भाजीत मीठ जास्त पडले, पोराने टीव्हीचा आवाज वाढवला, लाईटचे बिल सापडत नाही. खरे कारण निराळेच असते. दोन-तीन दमलेली माणसे दहा बाय पंधराच्या खोलीत एकाच सुमारास येऊन पडतात. अंगाला घाम, डोक्यात साहेबाचे बोलणे, पायात लोकलची गर्दी. दिवसभराचा शीण उतरवायला घरात जागा नसते, मग तो एकमेकांवर उतरतो.

यावर आमच्यापाशी मोठा उपाय नाही. एक लहानसा आहे, आणि तो आम्ही आमच्या घरात व ओळखीच्या बऱ्याच घरांत चालताना पाहिला आहे. तो म्हणजे संध्याकाळची आंघोळ. घाईघाईने दोन तांबे ओतून घेण्याची नव्हे, तर ठरवून, दार लावून, पंधरा मिनिटांची. कोणी म्हणेल, हे बंगल्यातल्या लोकांचे चोचले आहेत. त्यांच्याकडे टब असतो, सुगंधी मीठ असते, मेणबत्त्या असतात. आपल्याकडे मोरी आहे, बादली आहे आणि तांब्या आहे. तेवढे पुरते.

पण पाण्याचे काय, हा प्रश्न लगेच येणार आणि तो यायलाच पाहिजे. मुंबईत झोपडपट्टीसाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी हे प्रमाण वर्षानुवर्षे धरले गेले, आणि इमारतींसाठी त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले. तरीही नळ पहाटे येतो, तासभर येतो, आणि पिंप भरले तर भरले. अशा घरात दिवसाला दोन आंघोळी करा असा सल्ला देणे म्हणजे थट्टाच होईल.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की बादली एकच ठेवावी, पण ती सकाळची उचलून संध्याकाळी न्यावी. सकाळी तोंड, हात, पाय, मान, काखा स्वच्छ धुवाव्यात. त्याला चार-पाच लिटर पुरतात. मुख्य आंघोळ कामावरून आल्यावर.

इथे घरातली वडीलधारी मंडळी अडवतात. "पारोशाने चुलीला शिवायचे नाही" हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी आजीच्या तोंडून ऐकले असेल! पारोसा म्हणजे सकाळची आंघोळ न केलेला माणूस. आता जरा विचार करा. जो माणूस रात्री आठ वाजता साबण लावून न्हाला, धुतलेले कपडे घालून स्वच्छ अंथरुणावर झोपला, तो सकाळी सहाला अस्वच्छ कसा झाला? आणि जो सकाळी सहाला न्हाला, दिवसभर गटारीच्या, सिमेंटच्या, डिझेलच्या वासात राबला आणि तसाच घामट अंगाने सतरंजीवर पडला, तो मात्र चालतो? शिवाशिवीच्या कल्पनेतून आलेली आंघोळ वेगळी आणि अंग स्वच्छ करण्याची, शिणवटा घालवण्याची आंघोळ वेगळी. ज्या समाजाने शिवाशिवीचे चटके सोसले, त्याने पारोसा हा शब्द तरी घरात का सांभाळावा, हे आम्हाला कळत नाही. सकाळची आंघोळ सोडा असा आमचा आग्रह नाही. ज्याच्याकडे पाणी आहे त्याने दोनदा करावी. पण निवड करायची वेळ आली तर संध्याकाळ निवडावी.

त्याला शास्त्राचाही आधार आहे. आपल्या शरीराच्या आतले तापमान संध्याकाळनंतर आपोआप थोडे उतरू लागते आणि ते उतरू लागले की झोप येते. कोमट-गरम पाण्याने आंघोळ केली की रक्त कातडीकडे, विशेषतः हातापायांच्या तळव्यांकडे धावते. आपण मोरीतून बाहेर आलो की त्या तळव्यांतून आतली उष्णता बाहेर पडते आणि अंग आतून निवू लागते. म्हणजे गरम पाणी शेवटी अंग थंड करते, असा हा उलटा वाटणारा प्रकार आहे. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी २०१९ साली या विषयावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले. झोपण्याच्या एक ते दोन तास आधी, ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या पाण्याने दहा मिनिटे जरी आंघोळ केली तरी झोप लवकर लागते, असे त्यांना दिसले. सरासरी दहाएक मिनिटे लवकर. दहा मिनिटे म्हणजे फार नाही असे वाटेल. पण ज्याला रोज रात्री कूस बदलत कर्जाचे आकडे आठवतात त्याला विचारा.

वेळ लक्षात घ्या. झोपण्याच्या एक ते दोन तास आधी. अगदी गादीवर पडताना गरम पाणी घेतले तर अंग तापलेले राहते आणि झोप उलट लांबते. आपला माणूस साडेसातला घरी येतो, आठला आंघोळ, मग जेवण, दहाला झोप. म्हणजे आपल्या दिनक्रमात ही वेळ आपोआप बसते. जेवल्यावर लगेच आंघोळ नको म्हणणाऱ्या आजीचेही त्यात राखले जाते.

आता खर्च. आम्ही पडलो कारकून, हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पंधरा लिटरची बादली धरा. त्यात बारा लिटर साधे पाणी आणि तीन लिटर उकळते पाणी मिसळले की साधारण चाळीस अंशांचे पाणी तयार होते. तीन लिटर म्हणजे एक मोठे पातेले. ते उकळायला ३५ ते ४० ग्रॅम गॅस लागतो. चार माणसांच्या घरात रोज चार पातेली उकळली तर महिन्याला साडेचार-पाच किलो गॅस गेला, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा तिसरा हिस्सा. हे परवडणारे नाही, हे आम्हालाही दिसते. म्हणून गरम पाण्याचा हट्ट थंडीत आणि पावसाळ्यातच ठेवावा, आणि तोही ज्याचे अंग जास्त दुखते त्याच्यासाठी. उन्हाळ्यात पत्र्यावरच्या टाकीतले पाणी दुपारपर्यंत फुकटात तापते, ते संध्याकाळी जपून वापरावे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात तर गरम पाण्याचे नावच काढायला नको, तिथे माठाशेजारी ठेवलेल्या बादलीतले साधे पाणीच सुख देते.

पाण्याचे झाले. आता आंघोळ कशी करायची हे सांगितले तर लोक हसतील, पण सांगतो. कारण आपल्याला घाईची इतकी सवय लागली आहे की आंघोळ हेही एक उरकायचे काम झाले आहे.

घरी आल्यावर चहा घ्या, दहा मिनिटे टेका. मग आपले धुतलेले कपडे आणि पंचा हाताशी घेऊन मोरीत जा. मोबाईल बाहेर. तो वाजला तरी बाहेर. शक्य असेल तर मोठा दिवा घालवून बाहेरच्या खोलीतल्या उजेडावर भागवा. पाटावर किंवा स्टुलावर बसून घ्या, उभ्याने नको. दिवसभर उभे राहूनच आलेला आहात. पहिला तांब्या पायांवर, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर. पाणी एकदम डोक्यावर ओतू नका. तांब्या भरताना श्वास आत घ्या आणि पाणी ओतताना सावकाश सोडा. सात-आठ तांबे असे झाले की खांदे खाली येतात, हे ज्याचे त्यालाच कळते. मानेच्या मागे आणि दोन्ही खांद्यांवर पाणी जरा जास्त वेळ घ्या, कारण ओझे वाहणाऱ्याचा आणि फायलींवर वाकणाऱ्याचा, दोघांचाही शीण तिथेच साठतो. टाचा वजरीने घासा. पायांच्या बोटांच्या बेचक्या शेवटी कोरड्या पुसा, विशेषतः पावसाळ्यात, नाहीतर चिखल्या होतात. शेवटचा तांब्या हवा तर साध्या पाण्याचा घ्या. बाहेर आल्यावर हातापायांना चमचाभर खोबरेल चोळा आणि पाच मिनिटे कोणाशी काही न बोलता बसा.

बायकांनी रोज केस भिजवू नयेत, एवढे मात्र खरे. लांब केस रात्री वाळत नाहीत आणि ओल्या केसांनी झोप लागत नाही. सर्दी संध्याकाळच्या आंघोळीने होते हा समज मात्र खोटा आहे. ती विषाणूने होते. गावाकडे अंगदुखीला निर्गुडीचा पाला उकळलेल्या पाण्याने आंघोळ घालत. पाला मिळाला तर जरूर घाला, वास छान येतो. पण दुकानातल्या महागड्या पुड्यांवर पैसे घालवू नका. काम गरम पाणी करते, पुडी करत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही बादली घरात कोणाला मिळते?

इंग्लंड-वेल्सच्या कोळसा खाणींतला कामगार एके काळी काळाठिक्कर होऊन घरी यायचा आणि चुलीसमोर पत्र्याच्या टबात न्हायचा. त्याला बरे वाटत असे यात शंका नाही. पण ते पाणी आणायचे, तापवायचे, टब भरायचा, पुन्हा उपसायचा आणि कोळशाने माखलेले कपडे धुवायचे, हे सगळे त्याच्या बायकोच्या अंगावर असे. घरात नवरा आणि दोन मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांत असले तर हे काम दिवसभर चाले. पुढे १९२० च्या दशकापासून कामगार कल्याणाच्या निधीतून खाणीच्या तोंडाशीच न्हाणीघरे बांधली जाऊ लागली, तेव्हा खाणकामगारांइतकाच दिलासा त्यांच्या बायकांना मिळाला. एकाची आंघोळ म्हणजे दुसरीचे काम, हे तिथल्या चळवळीला उमगले होते.

आपल्याकडे काय चालते? नवरा कामावरून आला की "पाणी ठेव गं" म्हणतो. ती स्वतः चार घरची धुणीभांडी करून तासाभरापूर्वीच आलेली असते. दिवसभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांत हात बुडवून बोटे पांढरी पडलेली, आणि स्वतःच्या वाटणीचे पाणी मात्र तिने पहाटे अंधारात, सगळे उठण्याआधी, दोन मिनिटांत अंगावर घेतलेले. कारण दिवसा मोरीला आडोसा नाही. एका बैठकीत आम्ही जमलेल्या बायांना विचारले होते, शेवटची सावकाश आंघोळ कधी केली? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक आजी म्हणाल्या, "बाळंतपणात. शेकशेगडी होती तेव्हा." सगळ्या हसल्या. आम्हाला काही हसू आले नाही.

म्हणून संध्याकाळच्या आंघोळीचा नेम सुरू करायचा असेल तर पहिली पाळी घरातल्या बाईची. तिचे पाणी दुसऱ्या कोणीतरी तापवायचे, नवऱ्याने किंवा मोठ्या मुलाने. त्या पंधरा मिनिटांत कुकर तिसऱ्याने बघायचा. "आई, माझी वही कुठंय" असे मोरीच्या पडद्याबाहेरून कोणी ओरडायचे नाही. ऐकायला सोपे वाटते, पण आम्ही पाहिले आहे की पाणी तापवण्यापेक्षा ही शेवटची अट पाळणे घराला जास्त जड जाते. आठवड्यातून तीन दिवसांपासून सुरुवात केली तरी चालेल.

आडोशाचेही बघायला हवे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकातल्या, त्यातली खोली १६० चौरस फुटांची. वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना २०२५ साली ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, स्वतंत्र न्हाणीघरासह. त्यांचा आनंद समजण्यासारखा आहे. पण ज्यांच्या घरात अजून कोपऱ्यातली मोरीच आहे त्यांनी निदान एक जाड पडदा, वरून खालपर्यंत, नळीत ओवून लावावा. जुनी साडी चालते, फक्त दुहेरी करून शिवा. दीडशे-दोनशे रुपयांच्या सामानात बाईला पंधरा मिनिटे स्वतःची मिळत असतील तर तो खर्च टीव्हीच्या रिचार्जआधी करावा.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कामगारांसाठी धुण्याची पुरेशी सोय हवी, स्त्री-पुरुषांना वेगळी आणि आडोशाची हवी, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४२ मध्ये होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेतही धुण्याच्या आणि आंघोळीच्या सोयीचा विषय आहे. रसायनात, तेलात, कचऱ्यात काम करणाऱ्याने तेच कपडे आणि तेच अंग घेऊन घरी येणे हे लहान मुलांच्याही तब्येतीला वाईट. युनियनच्या मागण्यांच्या यादीत पगार, बोनस असतोच. न्हाणीघराचा नळ चालू आहे की नाही, हेही त्यात असावे.

एवढेही जमत नसेल, पाणी नाही, जागा नाही, पाहुणे आलेत, तर नुसते पाय बुडवा. बाजेल विद्यापीठातल्या स्विस संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले की हातपाय गरम असले की झोप लवकर लागते. घमेल्यात किंवा फुटक्या कडेच्या जुन्या बादलीत घोट्याच्या वर येईल एवढे पाच-सहा लिटर कोमट-गरम पाणी, दहा-पंधरा मिनिटे. नंतर तेच पाणी मोरी धुवायला वापरा. म्हाताऱ्या माणसांना आणि दिवसभर उभे राहणाऱ्या कंडक्टर, आया, सुरक्षारक्षकांना हे फार मानवते.

मात्र ज्यांना शुगर आहे त्यांनी सावध राहावे. मधुमेहात पायांची जाणीव कमी होते, पाणी कढत आहे हे कळत नाही, कातडी भाजते आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अशांच्या पाण्यात दुसऱ्याने कोपर बुडवून बघावे. सुखद लागले पाहिजे, झोंबता कामा नये. ज्यांच्या तळव्यांना आधीच बधिरपणा आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय बुडवू नयेत. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी फार गरम पाणी टाळावे आणि पाटावरून सावकाश उठावे. गरोदर बाईलाही कोमटच बरे. दारू घेऊन आलेल्याने गरम पाण्याने आंघोळ करू नये, चक्कर येऊन मोरीत पडतो.

पाणी तापवण्यात अपघात होतात, म्हणून हे नीट वाचा. बादलीत टाकायचा रॉड वापरत असाल तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. लोखंडी बादलीत रॉड घालायचा नाही. गॅस गीझर बंद न्हाणीघरात लावायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि आत गेलेला माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो. गीझर बाहेरच्या बाजूला आणि खिडकी उघडी, यात तडजोड नको. आपली जुनी पद्धत अशी की आधी कढत पाणी ओतायचे आणि मग विसण घालायचे. घरात लहान मूल असेल तर हे उलटे करा. बादलीत आधी गार पाणी, त्यावर उकळते. एका खोलीच्या घरात कढत पाण्याची उघडी बादली आणि रांगते मूल यांच्यात फार अंतर नसते. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका आणि दवाखाना गाठा.

एका बादलीने कर्ज फिटत नाही, कंत्राटी नोकरी कायम होत नाही आणि मारणारा नवरा सुधारत नाही. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असे कोणाचे होत असेल तर ते आंघोळीचे काम नव्हे. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीसुद्धा फोन लावता येतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा आकडा घराच्या भिंतीवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवायला हरकत नाही.

राहता राहिले रात्रपाळीवाले. वॉचमन, रुग्णालयातले वॉर्डबॉय, रेल्वेचे गँगमन. त्यांची संध्याकाळ सकाळी आठला होते. त्यांनी घरी आल्यावर हाच नेम पाळावा. आधी आंघोळ, मग थोडे खाणे, खिडकीला जाड कापड, आणि तासा-दीड तासाने झोप. त्यांच्या वाट्याची बादली पहाटे नळ आल्यावरच वेगळी भरून झाकून ठेवावी, कारण नऊ वाजेपर्यंत पिंपात काही उरत नाही. आणि शेजाऱ्यांनी दुपारपर्यंत त्या दारासमोर कपडे आपटू नयेत.